दुसऱ्याचं सॉफ्टवेअर पॅकेज करताय? मग गिटच्या ब्रँचेस अशा लावा

स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा रेपो (गिटमध्ये कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) आणि दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर पॅकेज करायचा, म्हणजे लिनक्सवर सहज इन्स्टॉल होईल असं बांधायचा रेपो या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण बरेच जण पहिल्याची सवय दुसऱ्यात घेऊन येतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. स्वतःच्या रेपोत सगळा कोड आपला, एक मेन ब्रँच (कोडच्या इतिहासाची वेगळी वाट) आणि दोनचार फीचर ब्रँचेस असल्या की भागतं. पॅकेजिंगच्या रेपोत मालक दोन असतात. जवळजवळ सगळा कोड मूळ लेखकांचा म्हणजे अपस्ट्रीमचा असतो, आणि त्यावर आपलं थोडंसं काम, बिल्डच्या सूचना, डिपेंडन्सीची यादी, चेंजलॉग आणि काही पॅचेस. अपस्ट्रीम त्यांच्या गतीने पुढे जाणार, आपण आपल्या रिलीजच्या गतीने जाणार, आणि दर नव्या व्हर्जनला या दोन्हींची पुन्हा गाठ घालायची असते.

म्हणून ब्रँचेस लावताना एकच कसोटी धरा. त्यांचं काय आणि आपलं काय हे कुठल्याही दिवशी एका कमांडमध्ये दिसलं पाहिजे. तुम्ही सुट्टीवर असताना सिक्युरिटीचा प्रश्न आला आणि टीममधल्या दुसऱ्या कुणी रेपो उघडला, तरी त्याला पाच मिनिटांत कळायला हवं की मूळ कोडला आपण कुठे कुठे हात लावलाय. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरणं मुख्यतः डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची (डिस्ट्रो म्हणजे लिनक्स आणि सॉफ्टवेअरचा तयार संच) आणि गिट-बिल्डपॅकेज या टूलची घेतोय, रोजच्या वापरात त्याला जीबीपी म्हणतात. कारण ही पद्धत तिथे सगळ्यात जास्त घासूनपुसून तयार झालीये. कमांड आणि नावं इथे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरांत करायची.

आधी तीन थर वेगळे करा

पहिला थर म्हणजे अपस्ट्रीमचा कोड, जसा त्यांनी दिला तसा. दुसरा थर म्हणजे पॅकेजिंगच्या फाइल्स, डेबियनमध्ये या सगळ्या डेबियन नावाच्या एका फोल्डरमध्ये बसतात. तिसरा थर म्हणजे अपस्ट्रीमच्या कोडमध्ये आपण केलेले बदल, म्हणजे पॅचेस. पहिले दोन वेगळे ठेवायचं सगळ्यांनाच सुचतं. तिसऱ्याचं काय करायचं इथे लोक अडतात, कारण हा कोड पहिल्या थराच्या फाइल्समध्ये आहे पण जबाबदारी आपली आहे.

पहिल्या थराला स्वतंत्र ब्रँच द्या आणि त्या ब्रँचवर हाताने एकही कमिट (बदलाची नोंद) करायचा नाही. एकही नाही, स्पेलिंगची चूक दिसली तरी नाही. तिथे जे येईल ते फक्त इम्पोर्टने येईल. दुसरी ब्रँच पॅकेजिंगची, तिच्यात अपस्ट्रीमचा सगळा कोड जसाच्या तसा आणि जोडीला डेबियन फोल्डर. पॅचेस त्या फोल्डरच्या आत पॅचेस नावाच्या सबफोल्डरमध्ये सुट्या फाइल्स म्हणून राहतात आणि सिरीज नावाची फाइल त्यांचा क्रम सांगते. म्हणजे रेपोत अपस्ट्रीमच्या फाइल्स न बदललेल्या दिसतात आणि पॅचेस लागतात ते बिल्डच्या वेळी. सोर्स फॉरमॅट ३.० क्विल्ट म्हणतात तो हाच.

या मांडणीत वरची कसोटी फार सोपी होते. अपस्ट्रीम/१.४.२ हा टॅग (ठरावीक व्हर्जनवर लावलेली खूण) आणि डेबियन/लेटेस्ट ही ब्रँच यांच्यात गिट डिफ करा, म्हणजे दोन्हींतला फरक काढा, आणि डेबियन फोल्डर वगळायला पाथच्या जागी उद्गारचिन्हवाला वगळण्याचा नमुना द्या. उत्तर रिकामं आलं पाहिजे. एक ओळ जरी आली तरी कुणीतरी अपस्ट्रीमच्या फाइलमध्ये थेट हात घातलाय. हा डिफ सीआयमध्ये, म्हणजे दर बदलाला आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत टाकून ठेवा, काही खर्च नाही आणि फायदा मोठा. नाहीतर हीच चूक नंतर सोर्स पॅकेज बनवणारं डीपीकेजी-सोर्स पकडतं आणि अनपेक्षित अपस्ट्रीम बदल सापडले म्हणून बिल्ड थांबवतं, तेव्हा बहुतेक वेळा अपलोडची घाई असते.

नावं ठरवताना

नावं स्वतःच्या मनाने ठेवू नका, डेबियनमध्ये यासाठी डेप-१४ नावाची शिफारस आहे ती सरळ उचला. पॅकेजिंगची मुख्य ब्रँच डेबियन/लेटेस्ट, जिचं जुनं नाव डेबियन/मास्टर होतं. अपस्ट्रीमची ब्रँच अपस्ट्रीम/लेटेस्ट. स्टेबलसाठी, म्हणजे डेबियनच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या रिलीजसाठी काम निघालं की रिलीजच्या नावाने, जसं डेबियन/बुकवर्म किंवा डेबियन/ट्रिक्सी. टॅग पण तसेच, अपस्ट्रीमच्या इम्पोर्टला अपस्ट्रीम/१.४.२ आणि आपल्या अपलोडला डेबियन/१.४.२-१. पुढे डेबियन लावलेलं असल्यामुळे उद्या त्याच रेपोत उबुंटूसाठी किंवा आणखी कुठल्या डिस्ट्रोसाठी काम करायचं ठरलं तर उबुंटू नावाखाली नव्या ब्रँचेस काढता येतात आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही.

इथे तीन अडचणी नेहमी येतात, आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

एक, गिटमध्ये अपस्ट्रीम नावाची ब्रँच आणि अपस्ट्रीम/लेटेस्ट नावाची ब्रँच एकत्र राहू शकत नाहीत, कारण आत एक फाइल होते आणि दुसरीला त्याच नावाचं फोल्डर लागतं. जुन्या रेपोत नुसती अपस्ट्रीम असते, नवीन पद्धतीवर जाताना ती आधी तात्पुरत्या नावावर हलवून मग अपस्ट्रीम/लेटेस्ट करावी लागते, आणि सर्व्हरवरचं जुनं नाव पण काढावं लागतं नाहीतर पुश होतच नाही.

दोन, मूळ प्रोजेक्टचा रिमोट (सर्व्हरवरच्या रेपोचा पत्ता) जोडताना त्याला अपस्ट्रीम नाव देऊ नका. सगळे ट्युटोरियल हेच नाव द्यायला सांगतात पण इथे आपल्या टॅगची आणि ब्रँचची नावं आधीच अपस्ट्रीमने सुरू होतात, मग अपस्ट्रीम/अमुक म्हणजे टॅग की रिमोटची ब्रँच हे गिटला पण कळत नाही आणि तो संदिग्ध नाव म्हणून कुरकुर करतो. अपस्ट्रीमव्हीसीएस असं नाव ठेवा, जीबीपी स्वतः पण हेच वापरतं.

तीन, डेबियनच्या व्हर्जनमध्ये टिल्डा आणि कोलन चालतात पण गिटच्या टॅगमध्ये चालत नाहीत. त्यामुळे टॅगमध्ये टिल्डाच्या जागी अंडरस्कोर आणि कोलनच्या जागी टक्क्याचं चिन्ह येतं. जीबीपी हे आपोआप करतं, पण स्वतः स्क्रिप्ट लिहीत असाल तर तिथेही हेच करा, नाहीतर टॅग शोधताना सापडत नाही आणि स्क्रिप्टला वाटतं की ते व्हर्जन रिलीजच झालं नाही.

टारबॉल घ्यायचा की गिटचा टॅग

टारबॉल म्हणजे रिलीजचा सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल. तो घ्यावा की गिटचा टॅग, यावर पॅकेजर लोकांत वर्षानुवर्षं वाद आहे आणि २९ मार्च २०२४ नंतर तो फक्त आवडीनिवडीचा राहिला नाही. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशनच्या टूलमधला बॅकडोर (गुपचूप आत शिरायची वाट) उघड केला, सीव्हीई या सुरक्षा त्रुटींच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४. बिघडलेली व्हर्जन्स ५.६.० आणि ५.६.१. घातक भाग टेस्टच्या बायनरी फाइल्समध्ये लपवून गिटमध्येही ठेवला होता, पण बिल्डच्या वेळी त्याला जागं करणारी बिल्ड-टू-होस्ट नावाची बदललेली एमफोर फाइल फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटच्या टॅगमध्ये नव्हती. म्हणजे गिटचा इतिहास कितीही बारकाईने वाचला असता तरी ही फाइल दिसली नसती.

यावरून टारबॉल वाईट आणि गिट चांगलं असा निष्कर्ष काढू नका. टारबॉलवर बऱ्याचदा अपस्ट्रीमची सही असते, डिस्ट्रोच्या संग्रहात तोच जातो, आणि ऑटोटूल्स ही बिल्डची साधनं वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये काही फाइल्स मुळात टारबॉल बनवतानाच तयार होतात. माझं मत असं की दोन्ही घ्या आणि दोघांना एकमेकांशी बांधा. जीबीपीच्या इम्पोर्ट-ओरिग या टारबॉल रेपोत आणणाऱ्या कमांडला अपस्ट्रीम-व्हीसीएस-टॅग नावाचा ऑप्शन आहे, अपस्ट्रीमचे टॅग व्ही१.४.२ असे असतील तर तिथे व्ही आणि पुढे व्हर्जनची जागा असा नमुना द्यायचा. मग टारबॉल इम्पोर्ट होताना त्या कमिटचा एक पालक अपस्ट्रीमचा खरा टॅग होतो. कोड टारबॉलचाच राहतो पण इतिहास अपस्ट्रीमचा जोडला जातो, त्यामुळे गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारं) नीट चालतं, चेरी-पिक (एखादाच कमिट उचलून आणणं) सोपं होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे टॅग आणि इम्पोर्ट यांच्यात डिफ काढला की टारबॉलमध्ये जास्तीचं काय आलंय ते लगेच समोर येतं. प्रत्येक नव्या व्हर्जनला हा डिफ वाचायची सवय लावा. तयार झालेली कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची असते ती कुणी वाचत नाही हे खरंय, म्हणून ती बिल्डच्या वेळी नव्याने तयार करा आणि बाकीच्या फाइल्सवर नजर फिरवा.

गिटहब किंवा गिटलॅबवर टॅगवरून आपोआप बनणारे टारबॉल वेगळे, त्यांचा बाइट न बाइट कायम तोच राहील असं धरून चालू नका. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबवर गिटची कॉम्प्रेशनची पद्धत बदलली आणि जगभर लोकांच्या चेकसम (फाइल तीच आहे का हे पडताळायच्या संख्या) जुळेनाशा झाल्या, नंतर त्यांनी बदल मागे घेतला. आतला कोड तोच होता, डबा बदलला होता. शिवाय या टारबॉलमध्ये सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेले दुसरे रेपो येत नाहीत.

आणि बाइट न बाइट तोच टारबॉल का लागतो, तर डेबियनच्या संग्रहात एका नावाचा ओरिग (अपस्ट्रीमचा मूळ) टारबॉल एकदा गेला की त्याच नावाने वेगळ्या बाइटचा चालत नाही. १.४.२-१ ज्या टारबॉलवर गेलं त्याच टारबॉलवर १.४.२-२ जाणार. यासाठी प्रिस्टीन-टार नावाची तिसरी ब्रँच असते. तिच्यात पूर्ण टारबॉल नसतो, अपस्ट्रीमच्या टॅगमधल्या कोडवरून मूळ टारबॉल हुबेहूब परत बनवायला लागेल एवढाच छोटा डेल्टा असतो. क्लोन केलं की टीममधल्या कुणालाही तोच टारबॉल मिळतो. काही टीम ही ब्रँच वापरत नाहीत, कारण कॉम्प्रेशनची टूल्स बदलली की कधीकधी जुना डेल्टा लागत नाही, आणि रिलीज झालेला टारबॉल ओरिगटारजीझेड ही कमांड संग्रहातून आणून देतेच. दोन्ही बरोबर आहे, टीममध्ये एक ठरवा आणि लिहून ठेवा.

रेपो उभा करताना

रिकामा रेपो घ्या, किंवा अपस्ट्रीमचा रेपो क्लोन करून त्याच्या ओरिजिनचं नाव बदलून अपस्ट्रीमव्हीसीएस करा आणि आपला सर्व्हर ओरिजिन म्हणून जोडा. दुसरा रस्ता बरा, कारण वरचं टॅग जोडणं लगेच चालू होतं.

मग पहिली फाइल बनवा ती जीबीपी.कॉन्फ, डेबियन फोल्डरच्या आत. हीच रेपोची खरी कागदपत्रं. डिफॉल्ट विभागात डेबियन-ब्रँच म्हणून डेबियन/लेटेस्ट, अपस्ट्रीम-ब्रँच म्हणून अपस्ट्रीम/लेटेस्ट, प्रिस्टीन-टार ट्रू, आणि अपस्ट्रीम-व्हीसीएस-टॅगचा नमुना. पीक्यू विभागात पॅच-नंबर्स फॉल्स करा, नाहीतर प्रत्येक पॅच फाइलच्या नावापुढे ०००१, ०००२ लागतं आणि मधला एक पॅच काढला की पुढच्या सगळ्यांची नावं बदलून डिफ नुसता वाढतो. ही फाइल कमिट केलेली असली की टीममधल्या प्रत्येकाचं टूल त्याच ब्रँचवर काम करतं, कुणाच्या लॅपटॉपवर कुठलं डिफॉल्ट आहे याने फरक पडत नाही.

दुसरी फाइल वॉच. नवं व्हर्जन कुठे येतं हे युस्कॅन या नवी व्हर्जन्स शोधून आणणाऱ्या टूलला तिच्यातून कळतं. अपस्ट्रीम सही करत असेल तर त्यांची सार्वजनिक की डेबियन/अपस्ट्रीम/साइनिंग-की.एएससी या फाइलमध्ये ठेवा आणि वॉचमध्ये सहीचा पत्ता द्या, मग युस्कॅन दर वेळी सही तपासूनच पुढे जातं. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

यानंतर पहिला इम्पोर्ट, जीबीपी इम्पोर्ट-ओरिगला --युस्कॅन देऊन. टारबॉल उतरतो, अपस्ट्रीम/लेटेस्टवर कमिट होतो, टॅग लागतो, प्रिस्टीन-टारमध्ये डेल्टा जातो आणि डेबियन/लेटेस्टवर कोड येतो. मध्येच काही फसलं तर जीबीपी सगळ्या ब्रँचेस आणि टॅग पूर्वीच्या जागेवर परत नेतं, त्यामुळे घाबरून हाताने टॅग उडवत बसायची गरज पडत नाही.

अपस्ट्रीमच्या गिटअॅट्रिब्यूट्स फाइलकडे एकदा लक्ष द्या. काही प्रोजेक्टमध्ये ओळींचे शेवट बदलायचे किंवा फाइलमध्ये आपोआप मजकूर भरायचे नियम असतात आणि त्यामुळे चेकआउट केलेला कोड टारबॉलपेक्षा वेगळा निघतो. जीबीपी सेटअप-गिटअॅट्रिब्यूट्स चालवलं की तुमच्या लोकल रेपोत हे नियम बंद होतात.

पॅचेस, जिथे खरा कस लागतो

पॅच फाइल्स हाताने सांभाळणं त्रासाचं आहे, क्विल्ट या टूलने होतं पण रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा बसवणं), ब्लेम, चेरी-पिक यातलं काहीच मिळत नाही. म्हणून पॅच-क्यू ब्रँच. जीबीपी पीक्यू इम्पोर्ट म्हटलं की पॅच-क्यू/डेबियन/लेटेस्ट नावाची ब्रँच बनते, आणि सिरीजमधला प्रत्येक पॅच तिच्यावर एकेक कमिट होऊन बसतो. इथे तुम्हाला पूर्ण गिट मिळतं. नवीन बदल हवा, कमिट करा. जुना सुधारायचा, इंटरॅक्टिव्ह रिबेस करून त्या कमिटमध्येच सुधारा. अपस्ट्रीमने आधीच दुरुस्त केलंय, त्यांच्या रिमोटवरून चेरी-पिक करा आणि -एक्स लावा म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशात राहतो. झालं की जीबीपी पीक्यू एक्सपोर्ट, ते तुम्हाला डेबियन/लेटेस्टवर परत आणतं आणि पॅच फाइल्स नव्याने लिहून देतं, मग त्या बघून कमिट करायच्या.

ही ब्रँच तात्पुरती असते हे पक्कं लक्षात ठेवा. सर्व्हरवर पुश करायची नाही, तिच्यावर कुणी अवलंबून राहायचं नाही, काम झालं की जीबीपी पीक्यू ड्रॉप करून उडवून द्यायची. पक्कं रूप म्हणजे पॅच फाइल्स. ब्रँच त्यातून कधीही परत बनते, म्हणूनच तिच्यावर मनसोक्त रिबेस करता येतो आणि डेबियन/लेटेस्टचा इतिहास मात्र कधीच बदलावा लागत नाही. या ब्रँचवर असताना डेबियन फोल्डरला हात लावायचा नाही, एक्सपोर्टमध्ये ते बदल पॅच म्हणून येत नाहीत आणि ब्रँच उडवली की ते पण जातात.

एका कमिटमध्ये एकच कारण. बिल्ड चालावा म्हणून केलेला बदल, डिस्ट्रोच्या धोरणासाठी केलेला बदल आणि बगची दुरुस्ती हे तीन वेगळे पॅच आहेत, जरी तिन्ही एकाच फाइलमध्ये असले तरी. कारण यांचं आयुष्य वेगळं असतं. बगचा पॅच अपस्ट्रीमकडे जाईल आणि पुढच्या व्हर्जनला गळून पडेल, धोरणाचा पॅच कदाचित दहा वर्षं राहील.

प्रत्येक पॅचला डेप-३ या डेबियनच्या शिफारशीतलं हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती द्या. डिस्क्रिप्शनमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा, ओरिजिनमध्ये कुठून आणलं, आणि फॉरवर्डेडमध्ये अपस्ट्रीमला पाठवला त्याचा पत्ता, किंवा पाठवायची गरज नसेल तर नॉट-नीडेड. फॉरवर्डेड रिकामं दिसलं की तो पॅच म्हणजे उरलेलं काम समजायचं.

एवढा आग्रह का, यासाठी २००८ चं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी, की बनवायलाही वापरतात) आठवा. डेबियनच्या पॅकेजमध्ये २००६ साली काही ओळी कमेंट केल्या गेल्या, मेमरी तपासणाऱ्या टूलचे इशारे थांबावेत म्हणून, हेतू चांगलाच होता. त्यात रँडम नंबर जनरेटरला मिळणारी जवळजवळ सगळी अनिश्चितता गेली आणि उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या कीसाठी एका आर्किटेक्चरवर जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये सीव्हीई-२००८-०१६६ जाहीर झालं आणि असंख्य मशीनवरच्या एसएसएच की नव्याने कराव्या लागल्या. त्या काळी सोर्स पॅकेजमधले सगळे बदल साधारणपणे एकाच मोठ्या डिफ फाइलमध्ये जायचे, कुठली ओळ कुठल्या कारणाने हे बाहेरच्या माणसाला वेगळं काढणं अवघड. पॅच सुटा, नाव असलेला, कारण लिहिलेला आणि अपस्ट्रीमसमोर ठेवलेला असला की तो मूळ लेखकांच्या नजरेखालून जाण्याची शक्यता खूप वाढते.

नवं व्हर्जन आलं की

क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला की उगाच अर्धा दिवस जातो.

सगळ्यात आधी, जुन्या कोडवर असतानाच जीबीपी पीक्यू इम्पोर्ट करा. पॅचेस जुन्या व्हर्जनवर नक्की लागतात म्हणून ब्रँच बिनचूक बनते. याच जागी एक तात्पुरती ब्रँच काढून ठेवा, जुनी-क्यू वगैरे काहीही नाव द्या. मग डेबियन/लेटेस्टवर येऊन इम्पोर्ट-ओरिग --युस्कॅन. फॉरमॅट ३.० क्विल्ट असेल तर जीबीपी इथे मर्ज न करता डेबियन फोल्डर सोडून बाकी सगळा कोड नव्याने बदलतं, त्यामुळे मर्जचा कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) इथे येतच नाही, आणि येऊही नये कारण अपस्ट्रीमच्या फाइल्समध्ये आपलं काहीच नाही.

आता टॅग आणि टारबॉलचा डिफ, वर सांगितला तो, आणि जुन्या अपस्ट्रीम टॅगपासून नव्यापर्यंतचा डिफ. दुसऱ्यात निदान लायसन्स, बिल्डच्या फाइल्स आणि नवीन आलेली फोल्डर्स बघा.

मग जीबीपी पीक्यू रिबेस. कॉन्फ्लिक्ट आले तर इथे येतात, एकेका पॅचचा सुटा, आणि त्या पॅचचं कारण समोर लिहिलेलं असतं. जो पॅच अपस्ट्रीमने जसाच्या तसा घेतला तो रिबेसमध्ये रिकामा होऊन गळतो. थोडा बदलून घेतला असेल तर कॉन्फ्लिक्ट येईल, तेव्हा आपला हट्ट न धरता स्किप करा. गिटचं रेरेरे चालू ठेवा, एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला तर ते लक्षात ठेवून तसाच सोडवतं.

रिबेस झाल्यावर बरेच जण लगेच एक्सपोर्ट करतात. त्याआधी गिट रेंज-डिफ करा, गिट २.१९ पासून आहे. जुन्या-क्यूची रेंज आणि नव्या क्यूची रेंज द्या, कुठला पॅच तसाच राहिला, कुठला बदलला आणि कुठला गेला हे शेजारी शेजारी दिसतं. घाईत चुकीचा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट इथे पकडला जातो, त्यानंतर पकडायला सोपी जागा नाही.

इम्पोर्ट आधी केला आणि पीक्यू इम्पोर्ट राहिलं असं झालं, तर पीक्यू इम्पोर्टला टाइम-मशीन ऑप्शनमध्ये एखादा आकडा द्या, ते तेवढे कमिट मागे मागे जाऊन पॅचेस जिथे लागतात ती जागा शोधतं आणि तिथे ब्रँच बनवतं, मग रिबेस नेहमीसारखा.

एक्सपोर्ट, जीबीपी डीसीएच ने चेंजलॉग, बिल्ड, टेस्ट. डेबियन/१.५.०-१ हा टॅग अपलोड स्वीकारला गेल्यावरच लावा. आधी लावला आणि अपलोड परत आलं तर टॅग हलवावा लागतो, आणि पुश झालेला टॅग हलवणं म्हणजे ज्यांनी तो आधीच ओढलाय त्यांच्याकडे कायम जुनाच राहणार.

जुन्या रिलीजच्या ब्रँचेस

स्टेबलसाठी ब्रँच आधीच काढून ठेवू नका, गरज पडेल तेव्हा काढा. डेबियन/बुकवर्म हवी असेल तर बुकवर्ममध्ये जे व्हर्जन गेलंय त्याच्या टॅगवरून, लेटेस्टवरून नाही. व्हर्जन १.४.२-१+डेब१२यू१ असं होतं. जीबीपी.कॉन्फमधली डेबियन-ब्रँच त्या ब्रँचवर बदलून पहिला कमिट तोच करा. दुरुस्ती नेहमी आधी लेटेस्टवर आणि मग तिथून चेरी-पिक स्टेबलवर, म्हणजे पुढच्या रिलीजमध्ये तोच बग परत येत नाही. लेटेस्ट कधीही स्टेबलमध्ये मर्ज करायची नाही, तिच्यासोबत नको ते सगळं येतं.

बॅकपोर्टचं उलट आहे. तिथे नवंच व्हर्जन जुन्या रिलीजवर द्यायचंय, म्हणून डेबियन/बुकवर्म-बॅकपोर्ट्सवर लेटेस्टचा टॅग मर्ज करायचा आणि वरून चेंजलॉगची एक नोंद, टिल्डा बीपीओ१२+१ वाली.

अपस्ट्रीम स्वतःच दोन मालिका चालवत असेल, १.एक्स आणि २.एक्स, तर अपस्ट्रीम/१.एक्स अशी वेगळी ब्रँच ठेवा आणि स्टेबलच्या ब्रँचचं जीबीपी.कॉन्फ तिकडे वळवा. एकाच अपस्ट्रीम/लेटेस्टवर २.१ नंतर १.९ इम्पोर्ट केलं तर इतिहासात व्हर्जन मागे गेल्यासारखं दिसतं. खरोखरच मागे जायची वेळ आली तर एक्सझेडच्या वेळी डेबियनने काय केलं ते बघा, व्हर्जन ठेवलं ५.६.१+रिअली५.४.५-१, म्हणजे आकडा वाढता आणि कोड जुना.

कोड वगळून टारबॉल बनवावा लागला तर

अपस्ट्रीमच्या टारबॉलमध्ये मुक्त नसलेल्या फाइल्स असतील तर त्या काढून रिपॅक करावं लागतं आणि व्हर्जनला +डीएफएसजी (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांचं लघुरूप) लागतं. काय काढायचं ते कॉपीराइट फाइलमधल्या फाइल्स-एक्स्क्लूडेडमध्ये लिहा, युस्कॅन ते वाचून स्वतः रिपॅक करतं. हाताने फाइल्स उडवून अपस्ट्रीमच्या ब्रँचवर कमिट करू नका, पुढच्या व्हर्जनला कुणाला आठवणार नाही काय काय उडवलं होतं. अपस्ट्रीमचा गिट इतिहास जोडलेला असेल तर त्या काढलेल्या फाइल्स इतिहासात राहतातच, रेपो सार्वजनिक असेल तर त्या वाटायची परवानगी आहे का हे बघून मगच टॅग जोडायचं ठरवा.

डेबियन नसेल तर

फेडोरा या डिस्ट्रोच्या डिस्ट-गिटमध्ये अपस्ट्रीमचा कोड नसतोच, फक्त बिल्डच्या सूचनांची स्पेक फाइल, पॅचेस आणि टारबॉलची चेकसम असलेली सोर्सेस फाइल, टारबॉल वेगळ्या लुकअसाइड कॅशमध्ये राहतो. ब्रँचेस रिलीजच्या, रॉहाइड, एफ४१, ईपेल९ अशा. आर्च या डिस्ट्रोत तर त्याहून कमी, प्रत्येक पॅकेजचा छोटा रेपो आणि त्यात मुख्य फाइल पीकेजीबिल्ड. पण तिसऱ्या थराचा प्रश्न तिथेही तोच असतो, म्हणून अपस्ट्रीमचं क्लोन शेजारी ठेवा, रिलीजच्या टॅगवरून ब्रँच काढा, एक पॅच एक कमिट, आणि गिट फॉरमॅट-पॅचने फाइल्स काढून पॅकेजच्या रेपोत टाका. नवं व्हर्जन आलं की ती ब्रँच नव्या टॅगवर रिबेस. टूल नसलं तरी पद्धत हीच.

टीममध्ये काम करताना

डेबियन, अपस्ट्रीम आणि प्रिस्टीन-टार या तिन्ही ब्रँचेस आणि टॅग एकत्र पुश झाले पाहिजेत. नेहमी होतं काय, तर एकाने फक्त डेबियन/लेटेस्ट पुश केली, दुसऱ्याने ओढली आणि बिल्डला टारबॉलच बनत नाही कारण टॅग पहिल्याच्याच मशीनवर आहे. जीबीपी पुश आणि जीबीपी पुल वापरा, ते सगळं सोबत नेतात आणि आणतात. सर्व्हरवर या तिन्ही ब्रँचेसना फोर्स-पुश (आधीचा इतिहास पुसून वर ढकलणं) बंद करा. आणि कुणी रेपोला हात न लावता थेट संग्रहात अपलोड केलं असेल, तर तुमचं पुढचं काम करायच्या आधी जीबीपी इम्पोर्ट-डीएससीने ते रेपोत आणा, नाहीतर तुमच्या पुढच्या अपलोडमध्ये त्याची दुरुस्ती पुसली जाईल.

आधीच गोंधळ झालेला रेपो मिळाला तर

हे फार वेळा होतं. एकच मास्टर, त्यात अपस्ट्रीम मर्ज केलेलं, मध्ये मध्ये थेट केलेले बदल, टॅग अर्धेच. इतिहास पुन्हा लिहायच्या नादाला लागू नका, लोकांची क्लोन मोडतात आणि हाती काही लागत नाही.

सध्याच्या मास्टरच्या टोकाला जुनं-मास्टर असा टॅग लावून ठेवा. अपस्ट्रीमची ब्रँच नसेल तर सध्या जे व्हर्जन आहे त्याचाच टारबॉल नव्या अपस्ट्रीम/लेटेस्टवर इम्पोर्ट करा, मर्ज बंद ठेवून, म्हणजे इम्पोर्ट-ओरिगला --नो-मर्ज देऊन. मास्टरवरून डेबियन/लेटेस्ट काढा आणि वर सांगितलेला डिफ करा, डेबियन फोल्डर सोडून. जे काही दिसेल ते म्हणजे आजवर कुणीकुणी थेट केलेले बदल. ते वाचा, कारणाप्रमाणे गट पाडा, जुन्या कमिटचे संदेश शोधून कारणं गोळा करा, आणि ज्याचं कारण अजिबात सापडत नाही त्याबद्दल अपस्ट्रीमला सरळ विचारा. मग डेबियन/लेटेस्टवर अपस्ट्रीमच्या टॅगमधल्या फाइल्स जशाच्या तशा परत आणा, तो एक कमिट, आणि काढलेले बदल पॅच-क्यूवर एकेक करून बसवा, एक्सपोर्ट करा. डिफ पुन्हा चालवा, रिकामा आला की झालं, आणि आधी बनलेल्या पॅकेजशी नव्या पॅकेजची तुलना डिफोस्कोप या फरक दाखवणाऱ्या टूलने करून बघा म्हणजे वाटेत काही हरवलं नाही याची खात्री होते.

रेपोच नसेल, फक्त संग्रहातली जुनी सोर्स पॅकेजेस असतील, तर जीबीपी इम्पोर्ट-डीएससीजला डेबस्नॅप ऑप्शन देऊन स्नॅपशॉट संग्रहातली सगळी व्हर्जन्स क्रमाने एका रेपोत आणता येतात.

शेवटी कंट्रोल फाइलमधल्या व्हीसीएस-गिट ओळीत नवीन पत्ता आणि पुढे -बी डेबियन/लेटेस्ट लिहा, सर्व्हरवरची डिफॉल्ट ब्रँच बदला, जुनी मास्टर सर्व्हरवरून काढा आणि टीमला कळवा की क्लोन नव्याने घ्या.